हेरॉन बेटावरची अमावास्या

दिवाळीत मुलाला किंवा मुलीला घराबाहेर, तेही परदेशी, समुद्रातल्या एका बेटावर पाठवा, असे मराठी घरात जाऊन सांगणे म्हणजे रोष ओढवून घेणे. आम्ही तो रोष २०१९ साली एक-दोन नव्हे, बारा घरांतून ओढवून घेतला. "निदान भाऊबीज तरी होऊ द्या," असे दांडिया बाजारातल्या एका आजींनी आम्हांला बजावले. दुसऱ्या एका घरी तर याहून अवघड प्रश्न आला. "अमावास्येला कोणी समुद्र ओलांडतो का?"

त्या आजोबांना आम्ही सांगितले, की अमावास्या आहे म्हणूनच जायचे आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. समुद्राला उधाण येते. उधाणात भरती मोठी असते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ओहोटीही तितकीच मोठी असते, हे सहसा लक्षात राहत नाही. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, जे प्रवाळ पाण्याखालून वर येत नाहीत, ते अमावास्येच्या ओहोटीला उघडे पडतात, आणि घोट्याएवढ्या पाण्यातून त्यांच्यामध्ये चालत जाता येते. लक्ष्मीपूजन तर दरवर्षी अमावास्येलाच असते. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या त्या किनाऱ्यावर वादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, आणि विषारी जेलीफिशचे महिनेही जवळजवळ तेच. ऑक्टोबरअखेर या दोहोंच्या अलीकडे राहते, आणि महाविद्यालयाला सुटीही असते. आजोबांनी हे सर्व ऐकून घेतले, पंचांग उघडून तिथी पडताळून पाहिली, आणि नातीला परवानगी दिली. आजींची समजूत मात्र शेवटपर्यंत पटली नाही.

आम्ही उभयता म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. आमच्यापैकी एकाने तीसहून अधिक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. दुसरीने तितकीच वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. निवृत्तीनंतर गावातल्या काही प्राध्यापकांनी बारा विद्यार्थ्यांचा एक परदेशी अभ्यासदौरा आखण्याचे काम आमच्या गळ्यात घातले. प्राणिशास्त्रासाठी एक आणि दुखण्याखुपण्यासाठी दुसरी, असा हिशेब त्यांनी केला असावा. एका जुन्या विद्यार्थ्याने क्वीन्सलंडमधून हेरॉन बेटाचे नाव सुचवले. तेथे क्वीन्सलंड विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि बाहेरच्या विद्यापीठांचे गटही तेथे येऊन राहतात.

ग्रेट बॅरिअर रीफ ही ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतची सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग. तिच्या दक्षिण टोकाशी, ग्लॅडस्टन बंदरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत समुद्रात, प्रवाळाच्या वाळूचा एक ढीग पाण्यावर आला आहे. तेच हेरॉन बेट. लांबी सुमारे ८०० मीटर, रुंदी जास्तीत जास्त ३०० मीटर. सयाजीबागेत सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला त्याला प्रदक्षिणा घालायला तासही लागू नये. आपले बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि हे बेट मकरवृत्तावर, असे नकाशात पाहिले तेव्हा आम्हांला उगाचच बरे वाटले. १८४३ साली 'फ्लाय' नावाच्या इंग्रजी जहाजावरील लोकांनी या बेटाची नोंद केली आणि तेथील बगळ्यांवरून त्याला नाव दिले. १९२५ च्या सुमारास तेथे कासवाच्या मांसाचे सार डब्यांत भरण्याचा कारखाना निघाला. तो चालला नाही, आणि १९३२ साली त्याच जागी प्रवाशांसाठी विश्रामस्थान झाले. संशोधन केंद्र १९५१ चे. मार्च २००७ मध्ये त्याच्या मुख्य इमारती आगीत जळाल्या, त्या नव्याने बांधल्या गेल्या. या आगीचा उल्लेख पुढे येईल.

केंद्राकडून प्रथम आला तो कागदांचा गठ्ठा. त्यात एक कोरा तक्ता होता. आपण तेथे जे जे करणार, ते एका रकान्यात लिहायचे. त्यात काय बिघडू शकते, ते दुसऱ्यात. ते बिघडू नये म्हणून काय करणार, ते तिसऱ्यात. आणि तरीही बिघडले तर कोण काय करील, ते चौथ्यात. आम्ही तो भरायला बसलो आणि ध्यानात आले, की हे आपल्या वळणाबाहेरचे आहे. आपल्याकडे प्रवासाला निघताना अभद्र बोलू नये, असा दंडक. दारात उभे राहून "जातो" असेही म्हणायचे नाही, "येतो" म्हणायचे. येथे तर बुडणे, विषबाधा, हाड मोडणे, वाट चुकणे, हे सर्व स्वहस्ताक्षरात, शांतपणे लिहायचे होते. एका पालकांनी तो तक्ता वाचून विचारले, "एवढे सगळे होणार असेल तर जाताच कशाला?" पण ज्या घरी विचारणारा कोणी नव्हता, तेथेच आम्हांला जास्त काळजी वाटली.

क्वीन्सलंडच्या लोकांनी हा तक्ता हौसेने काढलेला नाही. २५ जानेवारी १९९८ रोजी पोर्ट डग्लसहून निघालेल्या एका बोटीने एका अमेरिकन दांपत्याला प्रवाळापाशी समुद्रातच मागे ठेवले आणि ती बंदरात परत आली. माणसे मोजण्यात चूक झाली होती. ती दोघे परतली नाहीत, हे कोणाच्या लक्षात आले ते दोन दिवसांनी, बोटीवर राहिलेल्या त्यांच्या पिशवीवरून. त्यांचा पत्ता पुढे लागला नाही. त्यानंतर तेथे शिरगणतीचे नियम कडक झाले. आम्ही हे वाचले त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या सुताराकडून एक फळी करून घेतली. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी आणि पितळेचे बारा क्रमांकित बिल्ले. पाण्याकडे जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला डावीकडून उजवीकडे लावायचा, परतल्यावर उजवीकडून डावीकडे. आपला बिल्ला आपणच हलवायचा, मैत्रिणीचा नाही, भावाचा नाही. मुलांना हा पोरखेळ वाटला.

पोहण्याचे प्रकरण वेगळे. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी असल्याने पोहण्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा. बारांपैकी पाच जणांना पोहता येत नव्हते, त्यांपैकी चार मुली. न थांबता २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे, ही आम्ही ठरवलेली किमान अट. तरणतलावावर स्त्रियांच्या वेळेत सहा महिने त्या चौघी जात राहिल्या. एकीची आई रोज काठावर बसून वाटाणे सोलत असे. चौथ्या महिन्यात तिने स्वतःच नाव घातले आणि लेकीच्या आधी तरंगायला शिकली.

आश्चर्य असे, की पट्टीच्या पोहणाऱ्यांची काळजी अधिक करावी लागते. श्वास रोखून खोल बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची त्यांना सवय असते. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. रक्तातला कर्बवायू मात्र घटतो, आणि 'आता वर चल' हा इशारा शरीराला देतो तो कर्बवायूच. इशारा उशिरा येतो, आणि माणूस पाण्याखालीच, काही न कळता, बेशुद्ध होतो. हे समजावल्यावर आमच्यातला सर्वांत चपळ पोहणारा खाली मान घालून बसला. तो लहानपणापासून पैजा लावून हेच करीत आला होता.

रंगीत तालीम आम्ही कच्छच्या आखातात, नराऱ्याला केली. हा सगळा टापू १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. वनखात्याची परवानगी काढून, ओहोटीच्या वेळी चालत, प्रवाळापर्यंत जाता येते. या किनाऱ्याशी बडोद्याचे नाते जुने आहे, हे आमच्या मुलांना ठाऊक नव्हते. ओखामंडळ बडोदे संस्थानात होते, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारसाठी जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाने तेथील सागरी प्राण्यांची पाहणी केली. तिचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ साली, छापला गेला. बडोद्याच्या तिजोरीतून समुद्रातल्या स्पंजांचे आणि शिंपल्यांचे वर्णन छापले जात होते, ही गोष्ट परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या कानांवर घालणे आम्हांला आवश्यक वाटले. तालमीत आणखी दोन गोष्टी कळल्या. पट्ट्याची चप्पल चिखलात राहते, आणि माणूस रिकामा परततो. म्हणून जाड तळाचे बंद बूट. आणि ओहोटी संपल्यावर पाणी समोरूनच येते असे नाही. वाळूच्या नाळांतून ते आपल्या पाठीमागेही भरत असते.

विम्याचे एक सांगून पुढे जातो. स्वस्तात मिळालेल्या विम्याच्या कागदांत, अगदी बारीक अक्षरांत, 'साहसी खेळ' वगळलेले होते, आणि नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगणे त्यांच्या लेखी साहसी खेळात मोडत होते. हेरॉन बेटावर रुग्णालय नाही. गंभीर दुखणे म्हणजे हेलिकॉप्टर. त्याचा खर्च ज्यात नाही तो विमा आम्हांला निरुपयोगी होता. तो बदलून घ्यायला सात आठवडे गेले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते.

निघण्याला दोन महिने होते. एका संध्याकाळी गटातल्या एका मुलाची आई एकटीच आमच्याकडे आली. मुलगा हुशार, निवडीत पहिल्या तिघांत आलेला. पोहण्याच्या परीक्षेत तर पहिलाच. आई बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. मग म्हणाली, "वहिनी, त्याला फिट येते. म्हणजे येत होती. दोन वर्षांत एकदाही नाही. गोळी चालू आहे. कोणाला सांगू नका. त्याच्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे."

आरोग्याच्या अर्जावर त्याने 'अपस्मार' या शब्दापुढे 'नाही' असे लिहिले होते, आणि खाली आईची सही होती. आम्ही अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. त्यावर ती जे बोलली ते आम्ही विसरलेलो नाही. "खरे लिहिले असते, तर तुम्ही त्याला नेले असते का?"

आम्ही गप्प राहिलो, कारण तिचे म्हणणे खरे होते. त्याच अर्जाच्या माथ्यावर आम्हीच लिहिले होते, की पुढीलपैकी कोणताही आजार असल्यास उमेदवाराचा विचार होणार नाही. सुरक्षितता म्हणून घातलेल्या त्या ओळीने काय केले होते? पाण्यात बेशुद्ध पडू शकणारा एक मुलगा, कोणाला कल्पना नसताना, थेट खोल पाण्यापर्यंत नेऊन ठेवण्याची व्यवस्था केली होती. त्या अर्जाने आजारी मुले वगळली नव्हती. फक्त त्यांची नावे आमच्यापासून लपवली होती.

त्या रात्री आमच्या दोघांत मोठा वाद झाला. प्राणिशास्त्राच्या बाजूचे म्हणणे होते, की एवढी जोखीम घेण्यापेक्षा त्याची जागा दुसऱ्याला द्यावी. खोटे लिहिले हे कारण पुरेसे आहे. रुग्णालयाच्या बाजूचे म्हणणे होते, की खोटे लिहायला आपण भाग पाडले. दोन दिवस घरात बोलणे कमी होते. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला बोलावले.

"सर, मी पोहण्यात पहिला आलो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"बाळ, तू पाण्यात उतरणार नाहीस. तू येणार आहेस, पण पाण्यात उतरणार नाहीस."

"मग मी तिथे येऊन काय करू, काकू? काठावर बसून टाळ्या वाजवू?"

त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली: प्रवासास हरकत नाही, पोहणे नको, झोप पुरेशी हवी, गोळी एकही चुकता कामा नये. केंद्राच्या प्रमुखांना कळवले. इतर मुलांना काय सांगायचे, सांगायचे की नाही, हे आम्ही त्याच्यावरच सोपवले. बहिणीच्या लग्नाच्या वाटेत हा कागद कधी येणार नाही, असे त्याच्या आईला वचन दिले. आणि अर्ज नव्याने छापून बाराही जणांना पुन्हा भरायला दिला. माथ्यावरची ती ओळ काढून टाकली. 'अमुक आहे का' या प्रश्नाच्या जागी 'तुमची तब्येत सांभाळण्यासाठी आम्हांला काय ठाऊक असले पाहिजे' असे विचारले, आणि त्यावरून कोणाचेही नाव कमी होणार नाही असे लिहून दिले. बंद लिफाफ्यांत परत आलेल्या अर्जांत एक दमा निघाला. एका मुलीला कोळंबी खाल्ल्यावर घसा सुजतो असे निघाले, आणि ती तर समुद्रातल्या बेटावर निघाली होती! एकीने लिहिले, की मला पोहता येते, पण तळ दिसेनासा झाला की छाती धडधडते. पहिल्या अर्जात या तिघांनीही 'नाही' लिहिले होते.

प्रवासाचे वेळापत्रक त्या एका गोळीभोवती पुन्हा आखले. क्वीन्सलंडचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास. विमानात झोप नाही आणि घड्याळ पुढे सरकलेले, म्हणजे गोळी चुकण्याची आणि फिट येण्याची दोन्ही कारणे एकाच वेळी. म्हणून ब्रिस्बेनला उतरल्यावर लगेच पुढे न जाता एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र विश्रांती. हा जादा खर्च सर्वांना पडला, पण खरे म्हणजे ती विश्रांती सर्वांनाच हवी होती.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर आमच्या फराळाची झडती झाली. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरताना जाहीर करावा लागतो. लपवला तर जबर दंड. मुलांना हे शंभर वेळा बजावले होते, आयांना बजावायचे राहिले होते. एकीच्या पिशवीतून, कपड्यांच्या घडीत, पेढ्यांचा डबा निघाला. नशीब की मुलीने अर्जावर 'खाद्यपदार्थ आहेत' असे लिहिले होते. दुधाचे म्हणून पेढे ठेवून घेतले गेले. चकल्या आणि लीलो चेवडा तपासणी करून परत मिळाले. "हे काय असते?" म्हणून त्या अधिकारी बाईंनी चकली हातात धरून बराच वेळ न्याहाळली.

ग्लॅडस्टनहून बोटीचे दोन तास. त्या दोन तासांत आमचा निम्मा गट आडवा झाला होता. मग पाण्याचा रंग अचानक बदलतो. गडद निळ्यातून फिकट हिरवा, जसा काही कोणी तळाशी दिवा लावला आहे. बेटाच्या तोंडाशी एका जुन्या जहाजाचा गंजलेला सांगाडा आहे. ती 'प्रोटेक्टर' नावाची दक्षिण ऑस्ट्रेलियाची एके काळची युद्धनौका. १९४५ च्या सुमारास तिला लाटा अडवण्यासाठी येथे आणून बसवले. तिच्या कडेवर पक्षी ओळीने बसलेले असतात.

आणि पक्षी तरी किती! पिसोनिया नावाच्या झाडांचे दाट रान बेटावर आहे, आणि त्याच्या प्रत्येक फांदीवर डोक्याला पांढरी टोपी घातलेल्या काळ्या नॉडी पक्ष्यांची घरटी. खाली, जमिनीत, शिअरवॉटर पक्ष्यांची बिळे. वाट सोडून एक पाऊल टाकले तर पाय बिळात जातो. आपला घोटा मुरगळतो आणि पक्ष्याचे घर मोडते. तक्त्यातल्या एकाच ओळीने दोघांचे रक्षण होते, असे येथे पुष्कळदा आढळले. पिसोनियाच्या बिया चिकट असतात. त्या पंखांना इतक्या चिकटतात, की कित्येक पक्षी उडता न येऊन मरतात. केंद्रातले लोक ते पाहूनही हात लावत नाहीत. आमच्या मुलींना ते निष्ठुरपणाचे वाटले, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही.

पहिल्या सकाळी केंद्राच्या मार्गदर्शिकेने मुलांना वाळूवर बसवून चार प्राण्यांची ओळख करून दिली. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख उचलू नये. त्यातल्या गोगलगायीची विषारी सुई कपड्यातूनही शिरते, आणि तिच्या विषावर उतारा नाही. १९३५ साली याच प्रवाळरांगेतील हेमन बेटावर असा शंख हाताळल्याने एका तरुणाचा मृत्यू झाला. निळ्या वलयांचा छोटा अष्टपाद मुठीत मावेल एवढा, पण त्याच्या दंशाने श्वास थांबतो. उतारा त्यावरही नाही, मात्र मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास देत राहिल्यास माणूस वाचू शकतो. दगडासारखा दिसणारा मासा पाठीवर काटे उभारून वाळूत पडून असतो. त्याचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा. त्याच्या विषावर लस आहे. आणि पेटीच्या आकाराच्या जेलीफिशचा दंश झाला तर त्यावर सिरका ओतायचा, चोळायचे नाही. किनाऱ्यावर सिरक्याची बाटली का ठेवलेली आहे, हे कोडे तेव्हा सुटले. आपल्याकडे समुद्रावर गेलेले पोर हटकून शंख-शिंपले गोळा करते. येथे एकही उचलायचा नाही, ना स्वतःच्या जिवासाठी, ना कायद्यासाठी. प्रवाळाचा मेलेला तुकडाही परवान्याशिवाय नेता येत नाही.

२७ तारखेला लक्ष्मीपूजन. दिवे लावायचे नव्हते. समुद्रकासवांचा अंडी घालण्याचा हंगाम तोंडावर आलेला. किनाऱ्यावरच्या उजेडाने कासविणी बुजतात, म्हणून रात्री खिडक्यांवर पडदे. आणि २००७ च्या आगीनंतर इमारतीत उघडी ज्योत कोण पेटवू देणार? मुलांनी चकल्यांचे बारा समान वाटे केले आणि सारे अंधारात वाळूवर बसले. अमावास्येचे आकाश, आणि त्यात आपल्याकडे क्षितिजापाशी कसाबसा दिसणारा दक्षिणेकडचा तारकासमूह. मग रानातून शिअरवॉटरचे ओरडणे सुरू झाले. तान्ही मुले एकापाठोपाठ एक रडू लागावीत, तसा तो आवाज. एक मुलगी घाबरून हसू लागली, आणि हसता हसता रडली. घरची आठवण सर्वांनाच आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची ओहोटी. अकरा मुले हातांत काठ्या घेऊन प्रवाळाच्या सपाटीवर गेली. आमच्यापैकी एक त्यांच्याबरोबर, दुसरी किनाऱ्यावर, आणि फळीपाशी तो मुलगा. बेटावर आल्यापासून तो आमच्याशी कामापुरते बोलत असे. फळी मात्र तो रागाने म्हणावे इतक्या काटेकोरपणे सांभाळी. शिवाय दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची वहीत लिही. ओहोटी संपली, शिट्टी झाली, माणसे परतू लागली. सर्वांच्या अंगांत लांब बाह्यांचे निळे सदरे, डोक्यांवर सारख्याच टोप्या, नाकांना पांढरे मलम. आम्ही मोजले: अकरा. पुन्हा मोजले: अकरा. "चला," असे आम्ही म्हणालो.

"फळीवर दहाच आहेत," तो म्हणाला.

"अरे, कोणीतरी बिल्ला फिरवायला विसरले असेल."

"सात नंबर उजवीकडे आहे, सर. सात नंबर आलेली नाही."

आम्ही दोघांनी मोजलेली अकरावी टोपी दुसऱ्या विद्यापीठाच्या एका मुलीची होती. आमची सात नंबरची मुलगी सुमारे दोनशे मीटरवर, एका डबक्याशी गुडघ्यांवर बसलेली होती. तेथे एक लहान शार्क होता, हातभर लांबीचा, पंखांवर पाय टाकत चालल्यासारखा प्रवाळातून सरपटणारा. ओहोटीत डबक्यातला प्राणवायू कमी झाला तरी हा मासा तग धरतो. तेच ती पाहत बसली होती. पाठीमागच्या नाळेत पाणी भरत होते, याचा तिला पत्ताच नव्हता. मार्गदर्शिका गेली आणि तिला घेऊन आली. पाणी गुडघ्यापर्यंत आले होते. सारा प्रकार आठ मिनिटांचा.

संध्याकाळी आम्ही तो केंद्राच्या नोंदवहीत लिहिला. मोजणी चुकली, आणि ती आमची चुकली, असे लिहिले. "पण काहीच झाले नाही ना, काकू, मग लिहायचे कशाला?" असे सात नंबरच्या मुलीने विचारले. तो मुलगा तेथेच होता. त्याने उत्तर दिले नाही, आमच्याकडे पाहिलेही नाही. खिशातून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. सर्वांच्या देखत घेतलेली ती पहिलीच गोळी.

परतल्यावर त्याने आमच्याशी फारसा संबंध ठेवला नाही. आभार मानायला त्याची आई आली, तो आला नाही. आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटले नाही. पोहणे त्याचे आम्ही हिरावून घेतलेच होते. भरती-ओहोटीची त्याची वही आमच्याकडेच राहिली. अक्षर सुरेख आहे, एकही नोंद चुकलेली नाही. पुढच्या वर्षी साथ आली आणि दुसऱ्या गटाचा बेत मोडला. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील समुद्र इतका तापला, की प्रवाळरांगेच्या दक्षिण भागातले, हेरॉनच्या आसपासचेही, प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाला रंग आणि अन्न देणारी सूक्ष्म शेवाळे उष्णतेने त्याला सोडून जातात, तेव्हा असे होते. ती बातमी वाचून आम्ही वही काढून बसलो होतो, तोच इतक्या वर्षांनी त्याचा निरोप आला. एका ओळीचा. ती फळी अजून आहे का, असे विचारले होते.

फळी आहे. नराऱ्याला जाताना नवी मुले ती घेऊन जातात. सात नंबरचा खिळा थोडा वाकला आहे. तो सुताराकडून सरळ करून घ्यायचा, असे दर वेळी ठरते आणि राहून जाते.